शिस्तबद्ध संघ

इम्तियाजचा संघ स्पर्धेत घ्यायचा की नाही, एवढ्या एका गोष्टीवर बैठकीत दुसऱ्यांदा चहा आला तरी निकाल लागेना. मोशीत दादासाहेबांचं मंगल कार्यालय आहे. त्याच्या मागल्या खोलीत, एकात एक अडकवलेल्या लाल खुर्च्यांच्या थप्पीला टेकून सगळी पंचमंडळी बसली होती. वर पत्रा उन्हानं तडतडत होता. मुलींची कबड्डी स्पर्धा तोंडावर आलेली. त्यातनंच जिल्ह्याचा संघ निवडला जायचा, आणि सांगवीच्या पोरी म्हणजे यंदाचा सगळ्यात तयार संघ. पण पोरी यायच्या म्हणजे त्यांचा सर इम्तियाजही येणार, आणि तिथंच सगळं अडलं होतं.

“पोरी येऊ द्या. त्यो नको,” दादासाहेब म्हणाले. ते स्पर्धेचे सचिव. आयुष्यात कधी चढाईला गेले नसतील, पण मॅट त्यांची, मैदान त्यांचं, मंडपही त्यांचाच, तेव्हा शब्दही त्यांचाच. “मागं काय झालं ते ज्योतीरामला इचारा. भर मैदानात गळ्यातली शिट्टी वढली हुती, दोरी तुटंस्तवर.”

सगळे ज्योतीरामकडे बघायला लागले. त्याचा हात आपसूक मानेकडे गेला.

ज्योतीराम मूळचा मोशीचा. चाकणला एका कंपनीत प्रेस मशीनवर कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीचा पंच. इम्तियाज त्याचा जुना जोडीदार. दोघं एका संघातनं खेळलेले. चढाई इम्तियाजची आणि पकड ज्योतीरामची, असं लोक म्हणायचे. पुढं एक पंच झाला, एक प्रशिक्षक झाला, आणि चाकणच्या एका अंतिम सामन्यात ज्योतीरामनं इम्तियाजच्या खेळाडूला बाद दिलं. निर्णय बरोबर होता. आजही बरोबरच आहे. पण इम्तियाजचं डोकं म्हणजे भरलेला स्टोव्ह, काडी लावायची खोटी. त्यानं शिट्टी ओढली, ज्योतीरामनं तक्रार केली, इम्तियाजवर बंदी आली. बंदी केव्हाच संपली, तरी त्याला परत कुणी दारात उभं केलं नाही. तो सांगवीच्या नदीकाठच्या मैदानावर पोरी शिकवत बसला. पोरींना शिकवायला तेव्हा दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून त्या त्याच्या वाट्याला आल्या.

“त्याला सांभाळायचं माझ्याकडं लागलं,” ज्योतीराम म्हणाला. स्वतःलाच नवल वाटावं इतक्या ठामपणे म्हणाला. “मी त्याला आतनं वळखतो. त्याला बघणारा लागतो. आपन बघतो, उत्तर देतो, मग त्यो पेटतो. त्याच्या बेंचकडं कुनी बघायचंच न्हाई. डोळ्याला डोळा द्यायचा न्हाई. आपोआप इझतो बघा.”

किसन म्हणून दुसरा एक पंच होता, तो हसला. “बायकोला पन असंच करतोस का रं?”

हशा पिकला, पण दादासाहेबांना ते पटलं. त्यांनी बोट वर केलं. “ठीक हाय. तूच सरपंच. मैदानावरचा मुख्य पंच तूच. पन एक शब्द त्याच्या तोंडातनं आला, एक पाय रेषेच्या आत आला, तर लाल कार्ड. त्याला एकट्याला न्हाई, अख्ख्या संघाला. पोरी घरी. कबूल?”

“कबूल,” ज्योतीराम म्हणाला. आपण मित्राचं भलं केलं, असं त्याला त्या घटकेला मनापासून वाटलं. वाईट काही त्याच्या मनात नव्हतं, हे सांगितलंच पाहिजे.

घरी त्याची बायको विजयश्री पोळ्या लाटत होती. कंपनीतल्या पोरांचे डबे ती करायची. सकाळ-संध्याकाळ परातभर कणीक आणि घामानं चिकटलेले केस. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि लाटणं थांबवलं.

“बघायचंच न्हाई म्हंजी? माणूस हाय का भिंत?”

“अगं, त्याच्या भल्यासाठीच.”

“त्यो वरडतो, मान्य. पन उगं वरडत न्हाई. मागं पोरींना कापडं बदलायला आडोसा नव्हता, तवा कोन वरडलं हुतं? तुमी सगळे तर खुर्च्यांवर बसून वडे खात हुता.”

ज्योतीरामला राग आला. खरं बोलल्यावर येतो तसा. “तुला खेळातलं काय कळतंय,” म्हणून तो अंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर तो पिंपरीला इम्तियाजच्या गॅरेजवर गेला. इम्तियाज एका स्कूटरखाली आडवा होता. पाय तेवढे बाहेर. ज्योतीरामनं हाक मारली तरी पाय हलले नाहीत.

“कोन?”

“ज्योतीराम.”

“पाना दे. चौदाचा.”

ज्योतीरामनं पाना दिला. मग उभाच राहिला. कंपनीचा निळा शर्ट पाठीला चिकटलेला, आणि शेजारच्या सीटकव्हरच्या दुकानातली बाई शिलाई मशीन थांबवून त्याच्याकडे बघतेय. ती ताजुन्निसा. तिची मुलगी अल्फिया म्हणजे सांगवीच्या संघाची कॅप्टन. बारावीत शिकणारी, काटक, चढाईला निघाली की समोरच्यांच्या माना गरगर फिरवणारी. जिल्ह्याच्या संघात ती जाणार, यात कुणालाच शंका नव्हती. खेळाच्या कोट्यातनं पुढं नोकरी लागेल, या आशेवर ताजुन्निसानं तिला सासरच्या माणसांचं ऐकून घेत खेळू दिलं होतं.

बऱ्याच वेळानं इम्तियाज बाहेर आला. केस पिकले होते, पण डोळे तेच. ज्योतीरामनं अट सांगितली. इम्तियाज काळ्या फडक्यानं हात पुसत राहिला.

“म्हंजी मी मुका होऊ.”

“तीन दिवसांचा तर परश्न हाय.”

“आणि पोरींना काय सांगायचं असलं तर? टाइम आउट मागायला तोंड लागतं का नाही?”

“हातानं खूण कर. मी हाय की तिथं. मी बघीन.”

हे वाक्य ज्योतीरामच्या तोंडातनं सहज गेलं. तिकडं पंचांना सांगून आला होता की त्याच्या बेंचकडं बघायचं नाही, आणि इकडं सांगत होता की मी बघीन. दोन्ही गोष्टी एका माणसाच्यानं व्हायच्या नाहीत, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याला समेट करायचा होता. समेट करायला निघालेला माणूस दोन्हीकडं गोड बोलतो आणि घरी जाऊन निवांत झोपतो.

इम्तियाजनं ताजुन्निसाच्या दुकानाकडं पाहिलं. “माझं काय नाही रे. माझं वय गेलं. पण ह्या पोरी माझ्यामुळं मागं राहिल्या, तर मला झोप लागायची नाही. जा. दिला शब्द. तोंड उघडणार नाही.”

स्पर्धेसाठी ज्योतीरामला शिफ्ट बदलून घ्यावी लागली. सुपरवायझर पोरसवदा होता, त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, “काय पंचसाहेब, तिकडं शिट्टी वाजवायची आणि इकडं आमी बोंब मारायची का?” ज्योतीराम हसला. हसण्यावाचून काय करणार? तीन दिवस सकाळी प्रेसखाली पत्रे सरकवायचे, दुपारी अंगावर दोन तांबे ओतायचे, पांढरा शर्ट घालायचा आणि चार वाजता मैदानावर उभं राहायचं. पाय दुखून यायचे, पण शिट्टी गळ्यात पडली की त्याची पाठ ताठ व्हायची. कंपनीत त्याला कुणी विचारत नव्हतं. इथं त्याचा हात वर झाला की गर्दी गप्प व्हायची.

इम्तियाजनं शब्द पाळला, आणि असा पाळला की बघणाऱ्याला कसंतरी व्हावं. पहिल्या दिवशी तो बेंचवर बसला तो रुमालाची घडी दातात धरून. दोन्ही हात मांड्यांखाली. पोरी चुकायच्या, तेव्हा त्याच्या गळ्याच्या शिरा टरारून फुगायच्या, पण आवाज नाही. पोरी सारख्या वळून त्याच्याकडं बघायच्या. एरवी मैदानाबाहेरनं त्याच्या हाका चालू असायच्या, आणि आता बेंचवर नुसता मुका माणूस. पहिल्या सामन्यात त्या बावचळल्या. हरता हरता जिंकल्या.

“वाघाची शेळी झाली राव,” गर्दीतनं कुणीतरी ओरडलं. इम्तियाजनं ऐकलं. खाली बघून बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली.

पंच त्याच्या बाजूला मान वळवत नव्हते. पाणी द्यायचं तर बाटली बेंचच्या टोकाला ठेवायची आणि निघून यायचं. एकदा इम्तियाजनं वेळ किती उरली म्हणून घड्याळावर बोट ठेवून विचारलं, तर किसन आभाळाकडं बघत निघून गेला. दादासाहेब खूश. सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांनी ज्योतीरामच्या पाठीत थाप मारली. “मानलं गड्या तुला. पार गाय केलीस त्याची.” ज्योतीरामला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

तिसऱ्या दिवशी अंतिम सामना. सांगवी विरुद्ध चाकण. दिवे लावायची वेळ होती, तरी मॅट दिवसभराच्या उन्हानं गरम. पोरींचे पाय उचलले की चरचर आवाज यायचा. सगळी मोशी लोटली होती. निवेदकाचा तोंडाचा पट्टा चालू, स्पीकर कानाशी, आणि अल्फिया त्या दिवशी अशी खेळत होती की चाकणचे लोकही नकळत टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या डावात एका पकडीत चाकणच्या तीन पोरी तिच्या अंगावर पडल्या. ढीग उठला, तरी ती उठेना. मग उजव्या गुडघ्यावर तळवा दाबत उठली. ज्योतीरामनं विचारलं, “खेळतीस ना?” तिनं मान हलवली. कॅप्टन होती, नाही कशाला म्हणेल? पण चालताना पाय जरा बाहेर पडत होता. बाद झाली म्हणून ती बाहेर बसली, आणि संघानं गुण घेऊन बाद गडी उठवल्यावर पुन्हा आत आली. गुण बरोबरीत होते, आणि सांगवीच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या. तिसरीत गुण आणायचा, नाही तर चढाई करणारी बाद, असा नियम. सगळ्या पोरींनी अल्फियाकडं पाहिलं. अल्फिया मध्यरेषेकडं निघाली.

आणि इम्तियाज उठला.

बेंचपुढं, रेषेच्या मागं उभा राहून त्यानं एक तळवा आडवा धरला, दुसऱ्या हाताची बोटं त्याला खालून टेकवली. टाइम आउट. दोन्ही हात डोक्याच्या वर, लांबनंही दिसावेत असे. तोंडातला रुमाल खाली पडला होता, आणि तोंड मिटलेलं.

ज्योतीरामला ते हात दिसले. डोळ्याच्या कडेला का होईना, दिसले. गर्दीत दिसलं नाही, घामानं दिसलं नाही, असलं काही नाही, दिसले. पण वर गेलेले इम्तियाजचे हात बघताच त्याची मान एकदम गार पडली. आता हा आत येणार, आता हा धरणार, आणि समोर सोफ्यावर दादासाहेब लाल कार्डाची वाट बघत बसलेत. बघितलं तर पेटेल. बघायचं नाही. त्याच्या भल्यासाठीच नाही बघायचं. एवढं सगळं एका श्वासात त्याच्या डोक्यातनं गेलं, त्यानं मान मध्यरेषेकडं वळवली आणि हातानं चढाईची खूण केली.

अल्फियानं एकदा बेंचकडं पाहिलं आणि आत गेली.

ती डावीकडं धावली, कोपऱ्यातल्या पोरीला हात लावला आणि परत फिरायला उजव्या पायावर वळली. पाय जागेवर राहिला आणि ती वळली. तिला कुणी धरलं नव्हतं. कुणाचा धक्काही नव्हता. एक आवाज झाला. ओली काटकी मोडल्यासारखा, फार मोठा नाही. मग ती किंचाळली.

ज्योतीरामनं शिट्टी फुंकली. चाकणच्या पोरीच आधी तिच्याकडं धावल्या. आणि इम्तियाज रेषेवर उभा होता. पंचानं बोलावल्याशिवाय बाहेरच्यानं मॅटवर यायचं नाही, हा नियम. बुटांची टोकं रेषेच्या मागं जुळवून, सगळं अंग पुढं झुकवून, तो नुसता ज्योतीरामकडं बघत होता. पोर आत ओरडत होती आणि हा माणूस परवानगीची वाट बघत होता.

“ये,” ज्योतीराम म्हणाला. त्यानं हात हलवला, तेव्हा इम्तियाज धावला.

रिक्षानं अल्फियाला पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. इम्तियाज तिच्याबरोबर गेला. उरलेल्या पोरी रडत खेळल्या आणि हरल्या. मग नारळ, शाल, भाषणं. दादासाहेबांनी माईक हातात घेतला. दरवर्षी एक चषक असतो. गुणांचा नसतो, वागण्याचा असतो. “यंदाचा शिस्तबद्ध संघ,” दादासाहेब म्हणाले, “सांगवी! आणि त्यांच्या प्रशिक्षकांचं मी खास कौतुक करतो. माणूस सुधारू शकतो, मंडळी.” टाळ्या पडल्या. घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून चषक ज्योतीरामच्या हातात दिला. “तू नेऊन दे. तुझाच मान हाय त्यो.”

घरी विजयश्रीनं ताट वाढलं. तो जेवायला बसला आणि चतकोर पोळीवर उठला. “हात दिसले हुते मला,” तो भिंतीकडं बघत म्हणाला. तिनं ताट उचललं. ते मोरीत ठेवून म्हणाली, “मग जा आणि सांगा त्यांला. मला सांगून काय हुनार?”

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता तो पिंपरीला गेला. चषक कापडी पिशवीत. वॉर्डाबाहेर ताजुन्निसा बाकावर बसलेली, मांडीवर जेवणाचा डबा तसाच. डॉक्टरांनी काय सांगितलं, ते तिनं आपण होऊन सांगितलं. आतली दोरी तुटलीय. ऑपरेशन करायचं. चालेल, पायऱ्या चढेल. “खेळायचं नाव आता काढू नका म्हणाले.” ती रडत नव्हती. डब्याचं झाकण उघडत होती, लावत होती.

“पंच भाईजान, सर रात्रीपासून खाल्लेले नाहीत. तुम्ही सांगा त्यांना जरा.”

त्याला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती पिशवीकडं बघत होती. “हे काय?”

“संघाला मिळालं.”

“कप?” तिचा चेहरा क्षणभर उजळला. तिला खेळातलं काही कळत नव्हतं. कप म्हणजे कप. पिशवी घेऊन ती आतच गेली. ज्योतीराम मागं.

अल्फिया उताणी पडली होती. उजवा पाय मांडीपर्यंत बांधलेला, उशीवर. इम्तियाज स्टुलावर. अंगात कालचाच ट्रॅकसूट, गुडघ्यावर मॅटची धूळ. त्यानं ज्योतीरामकडं पाहिलं आणि थोडं सरकून खाटेच्या कडेला जागा केली. बस म्हणून. ज्योतीराम टेकला.

“बघ अल्फिया, कप आणलाय,” ताजुन्निसानं चषक उशाशी ठेवला.

“कशाचा?” पोरीचा आवाज औषधानं जड झाला होता.

तिनं मान वळवून स्वतःच वाचलं. मग वर पंख्याकडं बघत राहिली.

“सर,” ती म्हणाली, “तुम्ही ओरडला का नाहीत?”

इम्तियाजनं गुडघ्यावरची धूळ झटकली.

“मला माहीत होतं गुडघा गेलाय ते. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही नुसते हात वर करून उभे. ग्राउंडवर थांबवायचं असलं की तुम्ही ओरडता. गप्प असला म्हणजे जा. मला वाटलं, शाबास म्हणताय. जा म्हणताय.”

“व्हय,” इम्तियाज म्हणाला. “माझं चुकलं, बेटा. मी ओरडायला पाहिजे होतं.”

ज्योतीराम उभा राहिला. “त्याचं न्हाई चुकलं, पोरी. त्यानं टाइम आउट मागितला हुता. त्याला मीच सांगितलं हुतं, बोलू नको, हात कर, मी बघीन. त्यानं हात केले. मला दिसले हुते ते.”

अल्फियानं त्याच्याकडं पाहिलं. राग नव्हता त्यात. समजून घ्यायचा नुसता प्रयत्न होता.

“मग?” ती म्हणाली.

मान गार पडली, दादासाहेब समोर बसले होते, तुझ्या सरांचं भलं करत होतो. हे त्या बांधलेल्या पायासमोर उभं राहून बोलायचं कसं? त्यानं इम्तियाजकडं पाहिलं. सबंध रात्र तो इम्तियाजच्या शिव्यांची वाट बघत जागा होता. कॉलर धरेल, दोन ठेवून देईल, अख्खा दवाखाना गोळा करेल, आणि मग कुठंतरी आपल्याला श्वास घेता येईल.

“बोल की लेका,” ज्योतीरामचा आवाज चढला. “गप का बसलायस? तुझ्या पोरीचा पाय घालवला मी! वरड की माझ्यावर! दे शिव्या!”

शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. दारातनं नर्स आत डोकावली. ताजुन्निसा कधी याच्याकडं, कधी त्याच्याकडं बघत राहिली. तिला अजून नीट कळलं नव्हतं, आणि हळूहळू कळायला लागलं होतं.

इम्तियाज उठला. अल्फियाच्या पायाखालची उशी सरकली होती, ती त्यानं दोन्ही हातांनी अलगद नीट केली. पांघरूण ओढलं. मग ज्योतीरामच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

“हळू बोल, ज्योतीराम,” तो म्हणाला. “दवाखाना हाय. पेशंटला त्रास होतो.”